बांध राखणाऱ्यांचा वारसा



कॅनडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नायगाराचा धबधबा येतो, रॉकी पर्वतातील हिमशिखरे येतात, टोरांटोच्या उंच इमारती येतात. आजच्या व्याख्यानाचा विषय असलेला मुलूख या चित्रात सहसा नसतो. कॅनडाच्या अगदी पूर्वेला, अटलांटिक महासागरात शिरलेल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात अ‍ॅनापोलिस नावाचे खोरे आहे आणि त्याच्या पूर्व टोकाशी ग्रां-प्रे हे छोटे गाव आहे. 2012 साली युनेस्कोने या गावाच्या परिसरातील 1,300 हेक्टरांहून अधिक भूभाग जागतिक वारसा यादीत घेतला. तिथे अजिंठ्यासारखी लेणी नाहीत, रायगडासारखा दुर्ग नाही. सपाट शेते आहेत आणि त्या शेतांना समुद्रापासून राखणारे मातीचे बांध आहेत. एवढ्या साध्या दिसणाऱ्या गोष्टीला असा मान का मिळाला, या प्रश्नाच्या आधाराने मला एक मुद्दा मांडायचा आहे. ग्रामीण प्रदेशाचा वारसा मोजताना तिथे काय उभे आहे याआधी तिथे काय राखले जाते, कोण राखते आणि त्यासाठी माणसे एकमेकांशी कशी बांधली गेली आहेत, हे पाहिले पाहिजे. ग्रां-प्रेचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास या मताची साक्ष देतो. तो इतिहास सुखाचा नाही, म्हणून ती साक्ष तपासूनच घ्यावी लागेल.

आधी भूगोल पाहू. अ‍ॅनापोलिस खोऱ्याच्या उत्तरेला बेसाल्ट खडकाची लांबच लांब डोंगररांग आहे. आपल्या सह्याद्रीसारखीच तीही लाव्हारसातून घडली, मात्र सह्याद्रीच्या कितीतरी आधी, सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वी. दक्षिणेला ग्रॅनाइटचा उंचवटा आहे. उत्तरेची रांग समुद्रावरून येणारे थंड वारे आणि धुके अडवते, त्यामुळे मधले खोरे आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा उबदार राहते. एवढ्या उत्तरेला सफरचंदाच्या बागा बहरतात त्या याच कारणाने. सफरचंदाच्या मोहराचा उत्सव इथे 1933 पासून साजरा होतो. गेल्या काही दशकांत द्राक्षमळे वाढले असून इथल्या पांढऱ्या वाइनला नाव झाले आहे. खोऱ्याच्या तोंडाशी वुल्फव्हिल हे टुमदार शहर आहे. तिथले अकेडिया विद्यापीठ 1838 सालचे. उत्तरेची रांग जिथे समुद्रात शिरते तिथे ब्लोमिडनचे भूशिर आहे. मिकमाक या मूळ रहिवाशांच्या परंपरेत ते ग्लूस्कॅप या आद्यपुरुषाचे निवासस्थान मानले जाते. प्रवाशाला दाखवावे असे इथे पुष्कळ आहे. परंतु या प्रदेशाचे व्यक्तित्व ज्याने घडवले तो त्याच्या पायथ्याशी असलेला समुद्र आहे, आणि तो समुद्र जगावेगळा आहे.

फंडीच्या उपसागराची भरती जगातील सर्वांत मोठी. मुंबईत पावसाळी उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास गेली की महापालिका सावध होते. फंडीच्या मिनास खाडीत काही ठिकाणी भरती-ओहोटीतील फरक 16 मीटरांपर्यंत जातो आणि ग्रां-प्रेपाशी तो सरासरी साडेअकरा मीटर असतो. यामागचे कारण मोठे मनोवेधक आहे. उपसागर आतल्या बाजूला अरुंद आणि उथळ होत जातो हे एक. त्याहून महत्त्वाचे हे की, त्यातील पाणी एका टोकाकडून दुसरीकडे हेलकावून परत यायला साधारण तेरा तास लागतात आणि महासागराची भरती सुमारे साडेबारा तासांनी येते. झोपाळा परतीला लागण्याच्या नेमक्या वेळी झोका द्यावा तसे हे घडते आणि पाण्याची उंची वाढत जाते. हे पाणी येताना लालसर गाळ घेऊन येते. हजारो वर्षे तो गाळ किनाऱ्यावर साचला आणि त्यावर खारी गवते उगवली. अशा रीतीने समुद्राने दिवसातून दोनदा बुडवून विलक्षण सुपीक माती तयार केली. तीवर पीक घ्यायचे तर मात्र त्याच समुद्राला बाहेर ठेवणे भाग होते.

हे काम सतराव्या शतकात पश्चिम फ्रान्समधून आलेल्या वसाहतकारांनी केले. त्यांना आपण अकेडियन म्हणून ओळखतो. पोर-रोयाल या पहिल्या वस्तीतून निघून काही कुटुंबे 1680च्या दशकात ग्रां-प्रेला आली. त्यांनी जंगल तोडून शेती करण्यापेक्षा खाजण अडवून शेती करणे पत्करले. बांध कसा घालत हे द्येरव्हिल नावाच्या फ्रेंच प्रवाशाने 1699-1700 च्या वास्तव्यानंतर लिहून ठेवले आहे. जिथून पाणी शिरते तिथे ओंडक्यांच्या ओळी जमिनीत ठोकायच्या, ओळींमध्ये आडवे ओंडके रचायचे आणि सगळ्या फटी चिकणमाती ठासून बुजवायच्या. इतरत्र बांधाला खाऱ्या गवताची ढेपळे लावत. अरुंद पात्याच्या खास फावड्याने मुळांसकट विटेसारखी ढेपळे कापायची आणि एकावर एक बसवायची. हे गवत खाऱ्या पाण्याने मरत नाही, त्यामुळे मुळे एकमेकांत गुंतून बांध जिवंत राहतो. या सगळ्याचे मर्म मात्र बांधाच्या तळाशी असे. तिथे आरपार पोकळ केलेला लाकडी नळा घालत आणि त्यात बिजागरीवर लोंबणारी एक झडप बसवत. ओहोटीला आतले गोडे पाणी झडप ढकलून बाहेर पडे. भरती येताच समुद्राचाच दाब झडप घट्ट मिटवून टाकी. याला अब्वातो म्हणतात. बांध पुरा झाला की दोन-तीन वर्षे थांबायचे. तेवढ्या काळात पाऊस आणि वितळणारे बर्फ मातीतले मीठ धुऊन काढत, आणि मग गहू, वाटाणा, गवत यांची पिके येत. एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले हे काम नव्हते. एका शेतकऱ्याच्या हद्दीत बांध फुटला तर शेजाऱ्यांची शेतेही बुडत. त्यामुळे बांधाबरोबरच एकमेकांची जबाबदारी घेणारा समाज इथे उभा राहिला. तो राजा आणि सरदार यांच्यापासून बराचसा दूर होता आणि आपले निर्णय आपण घेण्याची त्याला सवय होती.

पुढे हीच सवय त्याच्या मुळावर आली. 1713च्या युट्रेक्ट तहाने हा प्रदेश ब्रिटनकडे गेला. अकेडियनांनी राजनिष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला नाही, पण फ्रेंचांविरुद्ध शस्त्र धरणार नाही अशी अट घातली. चार दशके हा तोडगा कसाबसा टिकला. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातला संघर्ष पेटला तेव्हा 1755च्या जुलैमध्ये प्रांताचा कारभारी चार्ल्स लॉरेन्स आणि त्याचे मंडळ यांनी संपूर्ण समाजाला हद्दपार करण्याचा निर्णय घेतला. 5 सप्टेंबर 1755 रोजी कर्नल जॉन विन्स्लोने ग्रां-प्रेच्या चर्चमध्ये 418 पुरुष आणि मुलगे बोलावून त्यांना हुकूम ऐकवला. जमीन, घरे, गुरेढोरे सरकारजमा झाली होती आणि लोकांना जहाजांवर चढायचे होते. मिनास परिसरातून दोन हजारांवर माणसे गेली आणि आसपासची गावे जाळण्यात आली. पुढच्या सात-आठ वर्षांत एकूण दहा हजारांहून अधिक अकेडियन विस्थापित झाले. कोणी मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या वसाहतींत विखुरले, कोणी इंग्लंड-फ्रान्सला गेले, कोणी रोगाने आणि जहाजे बुडून मेले, तर कोणी पुढे लुइझियानात जाऊन केजन समाजाचे पूर्वज झाले.

आता माझ्या मुद्द्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा येतो. माणसे नेली, जमीन राहिली आणि बांधही राहिले. तरीही 1759च्या नोव्हेंबरमध्ये मोठे वादळ आले आणि बांध फुटले. त्यांची डागडुजी करणारे कोणी नव्हते, म्हणून समुद्र आत शिरला आणि पिढ्यांच्या कष्टाने गोडी झालेली माती पुन्हा खारी झाली. 1760 साली न्यू इंग्लंडमधून नवे वसाहतकार आले. त्यांना प्लँटर्स म्हणतात. तयार शेतीच्या आशेवर ते आले होते, पण त्यांना भरती एवढी उंच असलेल्या समुद्राशी झुंजायचे ज्ञान नव्हते. शेवटी जवळच्या एडवर्ड किल्ल्यात कैदेत असलेल्या अकेडियनांनाच बांधांच्या दुरुस्तीला आणावे लागले. ज्यांच्याकडून जमीन हिसकावली त्यांच्याच हातांवाचून ती जमीन पिकेना. कागदोपत्री जमिनीचे मालक बदलता येतात, पण जमीन राखण्याचे ज्ञान जप्त करता येत नाही, हे यातून दिसते. ग्रां-प्रेची खरी संपत्ती कोणती होती, याचे याहून नेमके उत्तर कोणत्याही दस्तऐवजात सापडायचे नाही.

प्लँटर्स हे ज्ञान शिकले आणि त्यांनी ते संस्थेच्या रूपात बांधले. 1760 सालीच नोव्हा स्कोशियाच्या विधिमंडळाने बांध आणि निचरा यांसाठी आयुक्त नेमण्याचा कायदा केला. जमीनधारकांनी एकत्र यायचे, खर्च जमिनीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, कामाला माणसे द्यायची अशी घडी बसली. त्या परंपरेतली शेतकऱ्यांची सामाईक संस्था ग्रां-प्रेत आजही काम करते. 5 ऑक्टोबर 1869 रोजी आलेल्या सॅक्सबी वादळाने फंडीच्या काठचे बांध ओलांडले, तेव्हाही ते पुन्हा उभे केले गेले. धोका आला तो अनपेक्षित दिशेने. बांधाआडच्या शेतांचे मोठे उत्पन्न गवताचे होते आणि गवताला गिऱ्हाईक घोड्यांमुळे होते. विसाव्या शतकात मोटारी आणि ट्रॅक्टर आले, गवताचा बाजार गेला आणि डागडुजीला पैसा उरला नाही. 1948 साली कॅनडाच्या केंद्र सरकारने खास कायदा करून पुनर्बांधणी हाती घेतली. नंतर हे काम प्रांताकडे आले. आज नोव्हा स्कोशियात सुमारे 240 किलोमीटरचे बांध 17 हजारांहून अधिक हेक्टर जमीन राखतात. लाकडी नळ्यांच्या जागी आता टिकाऊ नळ आले आहेत, पण झडपेचे तत्त्व बदललेले नाही.

यावर एक आक्षेप सहज येईल. ग्रां-प्रे जगाला माहीत झाले ते बांधांमुळे नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. 1847 साली अमेरिकन कवी लाँगफेलो याचे ‘इव्हँजेलिन’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. हद्दपारीत ताटातूट झालेल्या प्रेमिकांची ती कथा घरोघर वाचली गेली. लाँगफेलो स्वतः नोव्हा स्कोशियाला कधी गेला नव्हता. रेल्वे कंपनीने याच नायिकेच्या नावाने प्रवाशांना या खोऱ्यात आणले. मातेकडून अकेडियन असलेल्या जॉन फ्रेडरिक हर्बिनने 1907 साली जुन्या वस्तीची जागा विकत घेऊन ती जपली आणि पुढे ती रेल्वेकडे गेली. 1920 साली तिथे इव्हँजेलिनचा पुतळा उभा राहिला, दोन वर्षांनी स्मृतिचर्च बांधले गेले आणि 1961 साली राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान खुले झाले. पर्यटनाचे हे ऋण मी नाकारत नाही. विखुरलेल्या अकेडियन समाजाला एकत्र जमायला जागा मिळाली ती यामुळेच, आणि ते मोल कुठल्याही तिकीटविक्रीपेक्षा मोठे आहे. पण कथेने जे दाखवले त्याबरोबर काही झाकलेही. पाहुणा एका काल्पनिक युवतीच्या दुःखाने हेलावून परत जाई, आणि पुतळ्यामागे पसरलेली शेते त्याच्या लेखी नुसती पार्श्वभूमी राहत. ज्या माणसांना हाकलले ती बांध घालणारी, झडपा बसवणारी, शेजाऱ्याच्या हद्दीतली खांड बुजवायला धावणारी होती, हे त्या कथेतून कळत नाही. युनेस्कोने मान दिला तो बांधांच्या शेतीला आणि हद्दपारीच्या स्मृतीला, दोहोंना मिळून. तेच योग्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अकेडियनांनी सुरू केले, प्लँटर्सनी चालवले, आजचे शेतकरी पुढे नेत आहेत, असे अखंड परंपरेचे चित्र काढले की मधल्या अन्यायावर पांघरूण पडते, असे कोणी म्हणेल. ही भीती रास्त आहे. तरीही राखणुकीकडे नजर ठेवली तर अन्याय अधिक ठळक दिसतो, असे माझे म्हणणे आहे. नुसती जमीन हिसकावली असे म्हटले की तो नकाशावरचा व्यवहार वाटतो. प्रत्यक्षात पाऊणशे वर्षांचे श्रम हिसकावले गेले. 1764 साली अकेडियनांना परत येण्याची मुभा मिळाली, पण स्वतःच्या बांधांआड नव्हे. ते दूरच्या, कमी सुपीक किनाऱ्यांवर वसले. 2003 साली राजसत्तेच्या नावाने निघालेल्या घोषणेत या हद्दपारीतल्या अन्यायाची दखल घेतली गेली आणि 28 जुलै हा स्मृतिदिन ठरला. वारसा अखंड आहे तो बांधाचा. बांधाच्या माणसांची परंपरा बळाने तोडली गेली. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि एका विधानासाठी दुसरे दडपता कामा नये.

याच प्रश्नाची आणखी एक बाजू मिकमाक लोकांची आहे. अकेडियन आले तेव्हा ही भूमी रिकामी नव्हती. इथल्या खाजणांतून, नद्यांतून मासे, बाम आणि पक्षी मिळवून मिकमाक हजारो वर्षे जगत आले होते. अकेडियनांनी शिकारीची जंगले फारशी तोडली नाहीत, त्यामुळे दोन्ही समाजांत बराच काळ सलोखा राहिला. तरीही बांध घातल्यावर खाजण संपते, हे मान्य केले पाहिजे. जे खाजण आणि जी चिखलाची मैदाने बांधाबाहेर उरली त्यांचे मोल किती आहे हे दर उन्हाळ्यात दिसते. जुलैअखेरीस आणि ऑगस्टमध्ये आर्क्टिककडून आलेल्या चिमुकल्या तुतारी पक्ष्यांचे लाखोंचे थवे मिनास खाडीच्या चिखलावर उतरतात, चिखलातले बारीक कवचधारी जीव खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतात आणि मग न थांबता समुद्रावरून दक्षिण अमेरिकेकडे उडतात. राखणे म्हणजे आपल्या बाजूची शेते सांभाळणे, एवढाच अर्थ घेतला तर हा हिशेब चुकतो. बांधाची आतली आणि बाहेरची, दोन्ही बाजू राखायच्या आहेत.

तिसरा आक्षेप भविष्याचा आहे. समुद्राची पातळी वाढते आहे आणि या किनाऱ्यावर जमीनही हळूहळू खचते आहे. मग मातीच्या बांधावर किती खर्च करायचा? नोव्हा स्कोशियात याचे उत्तर दोन वाटांनी शोधले जात आहे. महत्त्वाच्या ठिकाणी बांध उंच केले जात आहेत. काही ठिकाणी जुना बांध जाणीवपूर्वक मोडून किंवा मागे घेऊन खाजण परत येऊ दिले जात आहे, कारण खाजण स्वतःच लाटांचा जोर मोडते आणि गाळ धरून उंच होत जाते. हे वारशाशी प्रतारणा करणे आहे, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. अकेडियनांनी कुठे अडवायचे आणि कुठे समुद्राला वाट द्यायची हे ठरवूनच बांध घातले होते. तो विवेक चालू ठेवणे हेच त्यांचे अनुकरण. मात्र हा निर्णय त्या जमिनीवर पोट असलेल्यांना आणि मिकमाक समाजाला सोबत घेऊनच व्हायला हवा, कारण 1755 साली निर्णय दूरच्या खोलीत झाला होता.

श्रोतेहो, हा विषय आपल्यापासून वाटतो तेवढा दूर नाही. गोव्यातली खाजन शेती याच तत्त्वावर उभी आहे. तिथे बांधात मानस असते, भरतीला तिची दारे मिटतात आणि ओहोटीला उघडतात, आणि बांध राखण्याचे काम गावकरी या ग्रामसंस्थेकडे असे. 1964च्या कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या संघटनांकडे गेले आणि अनेक ठिकाणी त्याची आबाळ झाली. कोकणात आपण याच दाराला उघाडी म्हणतो. मुंबई प्रांतानेही खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला तो 1948 सालीच. कायद्यांचे वर्ष जुळावे हा योगायोग असेल, पण दोन्हीकडची अडचण एकच होती. गावाने राखायचे ते गावाच्या आवाक्याबाहेर गेले आणि सरकारने हाती घेतले. पेण-अलिबागकडे उधाणाने बांधाला खांड जाते आणि पिकती शेती वर्षानुवर्षे पडीक राहते. तिथल्या शेतकऱ्याला ग्रां-प्रेच्या 1759ची कथा समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा आहे. पुतळे, चर्च, मोहराचे उत्सव आणि द्राक्षमळे या प्रदेशाची शोभा वाढवतात. त्याचा प्राण मात्र झडपेत, ढेपळांत आणि खर्च वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या बैठकीत आहे. ग्रां-प्रेला जागतिक वारसा म्हणताना जगाने प्रथमच अशा कामाचा एवढा सन्मान केला, असे मी म्हणणार नाही. पण तो सन्मान योग्य ठिकाणी पोचला, हे नक्की म्हणेन. आपल्याकडच्या खाजणांचे बांध, मानशी आणि उघाड्या अजून जागतिक वारसा यादीत नसल्या तरी त्या राखणारी जुनी माणसे आहेत. कोणत्या भरतीला कुठून पाणी शिरते हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांचे ज्ञान त्यांच्यासोबत जाण्याआधी गावागावांतल्या शाळा, ग्रामपंचायती आणि आपल्यासारख्या व्याख्यानमाला यांनी ते नोंदवून घ्यावे आणि बांध दुरुस्तीसाठी लागणारा पैसा दरवर्षी वेळेवर मिळावा, यासाठी आवाज उठवावा, एवढीच माझी आपणा सर्वांना विनंती आहे.